ईश्वराच्या नावे खाते

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला जाणाऱ्या भाविकाची दृष्टी प्रथम वर, चांदीच्या पेटीकडे जाते. ती पेटी गोव्यातल्याच रुपेकारांनी १६३७ च्या सुमारास घडवली. पेटीखालचा रंगीत दगडांचा आणि संगमरवराचा उंच चौथरा, आणि त्याच्या चार बाजूंना संतांच्या जीवनातील प्रसंग दाखवणारे कांस्यपट, यांच्याकडे फारसे कुणी निरखून पाहत नाही. हा चौथरा फ्लॉरेन्सहून आला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी या शिल्पकाराकडून करवून घेतला. संतांच्या मस्तकाखालची उशी ड्यूकला भेट म्हणून गेली होती, तिची ही उतराई. १६९८ मध्ये चौथरा गोव्यात उभा राहिला आणि संतांचे शरीर त्यावर विसावले.

हा कोझिमो मेदिची घराण्यातला. त्याच्या काळापर्यंत मेदिची राजे झाले होते, आणि त्यांचे वैभव टस्कनीच्या खंगत चाललेल्या प्रजेवरील करांतून चालत होते. परंतु हे घराणे राजा म्हणून जन्मले नव्हते. १३९७ मध्ये जोव्हानी दि बिच्ची याने फ्लॉरेन्समध्ये एक पेढी उघडली, तेथून त्यांचा उदय झाला. ते नाणावटी होते, सराफ होते. ज्या काळी व्याज घेणे हे महापाप मानले जाई, त्या काळी ते पैशावर पैसा मिळवीत होते आणि तो ख्रिस्तमंदिरांवर उधळीत होते. अशा पैशाविषयी ख्रिस्ती मनाने काय म्हणावे, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. तो आज जुना झाला आहे असे मला वाटत नाही.

प्रथम त्या संपत्तीचे स्वरूप थोडे समजून घेऊ. इटली हे तेव्हा एक राष्ट्र नव्हते. व्हेनिस, जेनोआ, फ्लॉरेन्स, मिलान, सिएना ही स्वतःचे कायदे, स्वतःचे सैन्य आणि स्वतःचे नाणे असलेली नगरराज्ये होती. फ्लॉरेन्सने १२५२ मध्ये साडेतीन ग्रॅम शुद्ध सोन्याचा फ्लोरिन पाडला. त्याच्या एका बाजूस कमळासारखे लिलीचे फूल, तर दुसऱ्या बाजूस नगराचे आश्रयदाते संत योहान बाप्तिस्ता. वाळवंटात टोळ आणि मध खाऊन राहिलेल्या त्या विरक्त पुरुषाची प्रतिमा इंग्लंडपासून इजिप्तपर्यंतच्या बाजारांत खणखणत फिरू लागली! जोव्हानी व्हिलानी या इतिवृत्तकाराने १३३८ च्या सुमाराचे आपल्या नगराचे आकडे दिले आहेत. त्याच्या हिशेबाने लोकसंख्या सुमारे ९० हजार, लोकरीचे कारखाने दोनशेहून अधिक, वर्षाला सत्तर ते ऐंशी हजार ठाण कापड आणि या धंद्यावर जगणारी माणसे ३० हजार. नगरातील प्रत्येक तिसऱ्या माणसाचे पोट लोकरीवर चालत होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गरज पडेल.

या धनिकांच्या डोक्यावर धर्मशास्त्राची तलवार टांगलेली होती. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघड व्याजखोरांना ख्रिस्तशरीराचा संस्कार आणि ख्रिस्ती दफन नाकारले. १२७४ च्या लियों परिषदेने त्यांची मृत्युपत्रे, लुबाडलेले परत केल्याशिवाय, निरर्थक ठरवली. व्याज घेणे पाप नाही असा आग्रह धरणाऱ्याला पाखंडी समजावे, असे व्हिएन परिषदेने १३१२ मध्ये सांगितले. यामागचा विचार असा, की उसना दिलेला पैसा काहीच पिकवीत नाही. मग सावकार विकतो तरी काय? तो विकतो फक्त काळ. आणि काळ तर ईश्वराचा, सर्वांना सारखा दिलेला.

तेव्हा व्यापाऱ्यांनी हुंडीचा आश्रय घेतला. एखाद्याला फ्लॉरेन्समध्ये फ्लोरिन हवे असत. पेढी ते देई आणि ठरावीक मुदतीनंतर लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात परतफेड मागे. लंडनची मुदत तीन महिन्यांची असे. नंतर तेच स्टर्लिंग उलट हुंडीने फ्लॉरेन्सला परत येत आणि बहुधा आधीपेक्षा अधिक फ्लोरिन बनून येत. दर चढेल की उतरेल हे आधी कुणाला सांगता येत नसे. म्हणून हे व्याज नसून नाण्यांच्या अदलाबदलीतील जोखमीचा मोबदला आहे, असा युक्तिवाद होई, आणि बऱ्याच पंडितांनी तो मान्यही केला. ठेवींबाबतही असेच. कार्डिनलसुद्धा पेढीत ठेव ठेवीत. त्यांना व्याज असे दिले जात नसे, वर्षअखेर पेढी 'स्वेच्छेने' काही भेट देई. ही स्वेच्छा दरवर्षी न चुकता उत्पन्न होत असे, हे सांगायला नकोच.

या साऱ्याला निव्वळ ढोंग म्हणून हसण्याचा मोह होतो. मी तो आवरतो, कारण ज्याला पापाचे भय नाही तो असा आटापिटा कशाला करील? या माणसांना नरक खरोखर दिसत होता. पादुआ नगरातील रेजिनाल्दो स्क्रोवेन्यी या सावकाराला दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकाच्या सातव्या वर्तुळात, गळ्यात थैली अडकवून बसवले. त्याचा मुलगा एन्रिको याने १३०० मध्ये पादुआतील जुन्या रोमन रंगभूमीची जागा विकत घेतली, तेथे पवित्र मरियेचे एक छोटे मंदिर बांधले आणि जोत्तोकडून त्याच्या भिंती रंगवून घेतल्या. १३०५ च्या २५ मार्चला, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, त्याचे पवित्रीकरण झाले. आत शिरणाऱ्याला वेदीच्या कमानीवर तीस नाण्यांची थैली घेणारा यहुदा दिसतो. मागच्या भिंतीवरील अंतिम न्यायाच्या चित्रात नरकाच्या बाजूला थैलीच्या दोरीनेच फासावर लटकलेले सावकार आहेत, आणि क्रूसाच्या पायथ्याशी गुडघे टेकून आपले मंदिर मरियेला अर्पण करणारा स्वतः एन्रिको. पुत्राने पित्याचे पाप इतक्या स्पष्टपणे भिंतीवर लिहून घेतल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

तथापि शेजारच्या मठातील संन्याशांना हे सारे पटले नव्हते. १३०५ च्या जानेवारीतच त्यांनी तक्रार केली की या बांधकामात ईश्वराच्या गौरवापेक्षा डामडौल आणि मिरवणे अधिक आहे. त्यांच्या तक्रारीत शेजाऱ्याच्या घंटाघराविषयीचा मत्सर किती आणि धर्मबुद्धी किती, ते ईश्वरच जाणे. त्यांचा मुद्दा मात्र खोटा नव्हता.

फ्लॉरेन्समध्ये याहून नवलाची एक रीत होती. बार्दींच्या पेढीच्या चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या हिशेबांत भागीदारांच्या नावांबरोबर एक नाव आहे: श्रीमान परमेश्वर. भांडवलात त्याचा हिस्सा धरलेला असे. नफा वाटला जाई तेव्हा त्याच्या खात्यावर रक्कम जमा होई आणि ती गोरगरिबांना दिली जाई. ईश्वराला भागीदार करून घेण्यात भाबडेपणा आहे, धूर्तपणाही आहे आणि थोडी खरी भक्तीही आहे. या तिन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात. याच बार्दींनी सान्ता क्रोचे मंदिरातील आपल्या कुटुंबाच्या वेदीगृहात जोत्तोकडून संत फ्रान्सिस असिसीकर यांचे जीवन रंगवून घेतले. बापाच्या दुकानातील कापड आणि अंगावरचे वस्त्र टाकून देऊन दारिद्र्याला वरणारा संत, सराफांच्या खर्चाने! १३४० च्या दशकात पेरुझ्झी आणि बार्दी या दोन्ही पेढ्यांचे दिवाळे वाजले. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने कर्ज बुडवले, असे व्हिलानी सांगतो. एवढेच कारण नव्हते असे अलीकडचे इतिहासकार म्हणतात.

आता कोझिमो मेदिचीकडे वळू. हा पहिला कोझिमो, गोव्याच्या चौथऱ्याच्या दात्याहून दोनशेहून अधिक वर्षे आधीचा. (जन्म १३८९, मृत्यू १४६४.) व्हेस्पासियानो दा बिस्तिच्ची हा ग्रंथविक्रेता त्याला जवळून ओळखत होता आणि त्याने त्याचे चरित्र लिहिले. त्यात तो सांगतो की आपल्या संपत्तीचा काही भाग सरळ मार्गाने आलेला नाही, ही टोचणी कोझिमोला लागली होती. त्या वेळी पोप चौथे युजीन फ्लॉरेन्समध्ये मुक्कामाला होते. कोझिमोने त्यांचा सल्ला विचारला. पोपमहोदयांनी सान मार्कोच्या मठावर १० हजार फ्लोरिन खर्च करण्यास सुचवले. कोझिमोने त्याच्या चौपट खर्च केला. मिकेलोत्सोने मठ नव्याने बांधला आणि फ्रा आंजेलिको या डोमिनिकन संन्याशाने त्याच्या खोल्याखोल्यांत भित्तिचित्रे काढली. ती इतकी शांत आहेत की ती पाहताना पैशाचा विचार मनात येणे हेच अरसिकपणाचे वाटते. आपण ईश्वरावर कितीही खर्च केला तरी खतावणीत तो आपला देणेकरी झालेला काही दिसत नाही, असे कोझिमो मित्रांना म्हणत असे, हे मॅकियाव्हेलीने नमूद केले आहे.

सुंदर उद्गार आहे, यात शंका नाही. पण त्यात एक गफलत आहे. कोझिमोच्या खतावणीत दोनच नावे आहेत, त्याचे आणि ईश्वराचे. ज्या माणसाचे काही गेले होते तो तिसरा माणूस कुठे आहे?

धर्मशास्त्राने हा तिसरा माणूस विसरला नव्हता. अन्यायाने घेतलेले धन ज्याचे त्याला परत करावे, ते दान म्हणून देता येत नाही, कारण ते देणाऱ्याचे नाहीच, अशी शिकवण होती. मूळ मालक किंवा त्याचे वारस सापडतच नसतील तरच ते गोरगरिबांच्या किंवा धर्माच्या कामी लावावे. अपवाद म्हणून ठेवलेली ही वाट हळूहळू राजमार्ग झाली. हुंड्यांची उलाढाल करणाऱ्या पेढीने नेमके कुणाला किती लुबाडले, ते कसे ठरवणार? मग रक्कम ढोबळ, मालक अज्ञात आणि परतफेड एखाद्या मंदिराच्या रूपाने, तीही दात्याच्या कुलचिन्हासह. संत लूककृत शुभवर्तमानातील जक्कय येथे आठवतो. प्रभूला घरी घेऊन गेल्यावर त्याने दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. आपली अर्धी मालमत्ता गरिबांना, हे दान. आणि ज्या कुणाला फसवले असेल त्याला चौपट, ही परतफेड. यरीहोच्या त्या जकातदाराने ही दोन खाती एकमेकांत मिसळू दिली नाहीत. कोझिमोनेही चौपट दिले. पण ते पोपमहोदयांनी सांगितलेल्या आकड्याच्या चौपट होते आणि ते मठाला गेले.

'तरीही त्या पैशातून फ्रा आंजेलिको निर्माण झाला ना?' असे कुणी विचारील. झाला, आणि त्याबद्दल आपण कृतज्ञ असावे. मात्र या व्यवहाराचा लाभ आपल्याला झालेला आहे, तेव्हा त्याचा निवाडा करायला आपण फारसे निःपक्षपाती नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. कोझिमोला टोचणी लागली ती पेढीच्या नफ्याची. त्याच्या हुंड्या घेणारे बहुतेक व्यापारी, बिशप आणि राजेरजवाडे होते. त्यांच्यावर अन्याय झाला असेलही, पण ते उपाशी मेले नाहीत. व्हिलानीच्या हिशेबातील ते तीस हजार लोक आठवा. लोकर पिंजणारे, विंचरणारे, धुणारे हे मजूर दिवसावर राबत. मालक सोन्याच्या फ्लोरिनमध्ये विकत आणि मजुरी हिणकस चिल्लर नाण्यांत देत. त्या नाण्यांतील चांदी कमी होत गेली, की मजुरी न बोलता घटे. त्यांना स्वतःची श्रेणी, म्हणजे धंद्याचा संघ, स्थापन करण्याची मुभा नव्हती. १३७८ च्या जुलैत या पिंजाऱ्यांनी बंड करून नगरसभेचा ताबा घेतला. त्यांची स्वतःची श्रेणी काही आठवडे टिकली आणि मोडून काढली गेली. या मजुरांना आपण काही परत केले पाहिजे, असे सराफांना मरणशय्येवर वाटल्याचे क्वचितच दिसते. व्याज हे पाप आहे असे प्रत्येक प्रवचनात ऐकू येई, म्हणून व्याजाची टोचणी लागे. कमी मजुरी हा बाजारभाव होता. माणसाला बहुधा त्याच्या काळाने ज्याला नाव दिले आहे त्याच पापाचा पश्चात्ताप होतो.

प्रातोचा व्यापारी फ्रान्चेस्को दातिनी याचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्याची सुमारे दीड लाख पत्रे आणि पाचशेहून अधिक हिशेबाच्या वह्या आजही उपलब्ध आहेत. त्याच्या वह्यांच्या शिरोभागी ईश्वर आणि नफा या दोघांचे स्मरण एकाच दमात केलेले असे. १३९८ मध्ये तो सराफीत उतरला तेव्हा मित्रांनी बजावले की आता लोक तुला व्याजखोर म्हणतील. पुढच्याच वर्षी, १३९९ च्या ऑगस्टमध्ये, शुभ्र वस्त्रे घालून अनवाणी निघालेल्या प्रायश्चित्तकर्त्यांच्या दिंडीत तो नऊ दिवस चालला. बरोबर घोडी, खेचर आणि खाद्यपदार्थांच्या पेट्याही चालल्या होत्या. लापो मात्झेई हा त्याचा नोटरी मित्र त्याला वर्षानुवर्षे पत्रांतून आत्म्याची काळजी घेण्यास विनवीत राहिला. अखेर १४१० मध्ये निपुत्रिक मरताना त्याने सुमारे ७० हजार फ्लोरिनची मिळकत प्रातोच्या गरिबांसाठी ठेवली, आणि हजार फ्लोरिन फ्लॉरेन्समधील टाकून दिलेल्या अर्भकांसाठी.

निपुत्रिक म्हणजे धर्मपत्नीपासून. त्याला जिनेव्ह्रा नावाची मुलगी होती. लुचिया ही घरातील गुलाम स्त्री तिची आई. १३४८ च्या प्लेगमध्ये नोकरमाणसे मेल्यावर फ्लॉरेन्सने १३६३ मध्ये मूळच्या ख्रिस्ती नसलेल्या गुलामांची आयात कायदेशीर केली होती. काळ्या समुद्राकडून आणलेल्या मुली श्रीमंतांच्या स्वयंपाकघरांत राबत. दातिनीने जिनेव्ह्राला घरी वाढवले, तिचे लग्न थाटाने लावले. असे भाग्य थोड्याच मुलांच्या वाट्याला आले. रेशीमवाल्यांच्या श्रेणीने १४१९ मध्ये ब्रुनेलेस्कीकडून निष्पाप बालकांच्या नावाने जो सुंदर आश्रम बांधण्यास घेतला आणि जेथे १४४५ च्या फेब्रुवारीत पहिली मुलगी आली, त्या आश्रमात गुलाम स्त्रियांची मुले मोठ्या संख्येने येत. म्हणजे श्रीमंत घरांतून बाहेर ठेवलेली मुले श्रीमंतांच्याच देणगीवर जगत होती. दान खरे होते. ज्या कारणाने दानाची गरज पडली तेही त्याच घरांत होते.

काही जणांना मात्र हे दिसले. त्यांत अग्रगण्य म्हणजे सान मार्कोचे प्रमुख आणि १४४६ पासून फ्लॉरेन्सचे आर्चबिशप संत आंतोनिनो. कोझिमोने बांधलेल्या मठातच राहून या मनुष्याने नीतिशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात लोकर व रेशमाच्या मालकांना थेट जाब विचारला. ठरलेल्या पैशाऐवजी मजुराच्या गळ्यात कापड मारणे, खोटे नाणे देणे, मजुरी लांबणीवर टाकणे ही पापे आहेत, असे त्यांनी सांगितले. हिशेबनिसाच्या बारकाईने त्यांनी या चोऱ्या मोजल्या आहेत.

पुढचा काळ वेगाने सांगता येईल. फ्रान्सिस्कन संन्याशांनी गरिबांसाठी अल्प आकारावर गहाण ठेवून घेणाऱ्या धर्मादाय पेढ्या काढल्या. पेरुजिया येथे १४६२ मध्ये, फ्लॉरेन्समध्ये १४९५ मध्ये. १५१५ मध्ये पोप दहावे लिओ, जे स्वतः मेदिची होते, यांनी पाचव्या लॅटरन परिषदेत अशा पेढ्यांना खर्चापुरता आकार घेण्याची मुभा दिली. ही योजना चांगली होती, परंतु तिच्या प्रचारासाठी ज्यू सावकारांविरुद्ध जो द्वेष पेटवला गेला तो लपवण्याचे कारण नाही. फ्लॉरेन्सने १४३७ मध्ये त्यांना स्वतःच परवाने दिले होते, कारण ख्रिस्ती माणसाने उघडपणे करायचे नाही असे काम कुणीतरी करायला हवे होते. एकाने पाप करायचे आणि दुसऱ्याने बदनाम व्हायचे, अशी ती वाटणी होती.

मेदिचींची पेढी १४९४ मध्ये बुडाली. १४९८ च्या मे महिन्यात श्रीमंतीवर आसूड ओढणारा साव्होनारोला फ्लॉरेन्सच्या चौकात जाळला गेला आणि त्याच महिन्यात वास्को द गामा कालिकतला पोहोचला. त्यानंतर इटलीतील बराचसा पैसा आणि काही माणसे लिस्बनमार्गे इकडे वळली. फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लॉरेन्सचा व्यापारी मिरीच्या खरेदीसाठी आला आणि १५८८ मध्ये गोव्यात मरण पावला. सप्त, अष्ट, नव, सर्प, देव हे शब्द आपल्या इटालियन शब्दांसारखे आहेत, हे त्याने घरी लिहून कळवले होते.

पण मला पुन्हा आंतोनिनोंकडे जायचे आहे. १४४२ मध्ये त्यांनी बारा गृहस्थांचे एक मंडळ स्थापन केले, सान मार्तिनोचे सज्जन. हात पसरण्याची लाज वाटणाऱ्या कुटुंबांना गुपचूप मदत करणे हे त्याचे काम. आलेला पैसा साठवायचा नाही, वाटून टाकायचा. गाठीशी काही उरले नाही की दारात मेणबत्ती लावायची, म्हणजे नगराला कळे. हे मंडळ आजही काम करते. देणाऱ्यांत कोझिमो मेदिचीही होता, आणि तेथे भिंतीवर त्याचे कुलचिन्ह कोरायची सोय नव्हती. मंडळाच्या जुन्या वह्या राहिल्या आहेत. त्यांत घेणाऱ्यांची नावे आहेत, धंदे आहेत, पोरे किती ते आहे, आणि काय दिले ते: भाकरी, गादी, बाळंतिणीला काही. लोकर आणि रेशमाच्या कामावरील माणसे त्यांत पुष्कळ आहेत. मालकांच्या खतावणीत जी नावे मजुरीच्या खात्यावर अपुरी राहिली होती, ती येथे दानाच्या खात्यावर सापडतात.